जावई तेवढा माघारी पाठवा

वडगाव निंबाळकर
२६ जून २०२३

प्रिय अक्कास,
सा. नमस्कार.

हे पत्र सौरभच्या हाती देत आहे. सौरभ आमच्या कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर. दर सोमवारी तो भवानीनगरच्या दवाखान्यातून रक्ताचे नमुने उचलतो, तेव्हा तुमच्या मागच्या दाराशी येईल. फोन का करत नाही ते तुला माहीत आहे. तुझा फोन वाजला की सासूबाई म्हणतात, "स्पीकर लाव, आमालाबी ऐकू दे की." मग मी उसाबद्दल दोन वाक्ये बोलून ठेवून देतो.

मे महिन्यात माझ्या शब्दावर तू रक्त दिलेस. दाजींनी परवा विचारले, "निकाल आला का रे?" त्याचे उत्तर लिहायला बसलो आहे.

बाळ वेळेआधी येण्याचा धोका किती, हे त्या रक्तावरून आधीच सांगता येईल, असे कंपनीचे म्हणणे आहे. पण चाचणी अजून पारखायची आहे. त्यामुळे कुणाचाही निकाल बाळंतपण होईपर्यंत उघडत नाहीत. तसे संमतीच्या कागदावर आहे. रक्त घेण्याआधी तो कागद मी पणदऱ्यात वाचतो, वडगावात वाचतो, तुलाही वाचून दाखवला होता. बाकीच्या बायकांना वाचताना ते नुसते एक वाक्य असते. तुझ्या बाबतीत त्याचा अर्थ काय, ते आत्ता माझ्या ध्यानात आले.

अक्का, खरे लिही. पोट कडक होते का? कंबर भरून येते का? मागच्या वेळी तू कुणालाच काही सांगितले नव्हतेस. दवाखान्यात पोहोचेपर्यंत बाळ आले, आणि तो आपल्यात एकच दिवस राहिला. हे लिहू नये असे वाटत होते, पण लिहिले.

आई विचारते, ओटी कधी भरणार? सातवा लागतो आहे. बारामतीचा दवाखाना आपल्याकडून जवळ नाही, पण तुला आणले तर मी तिथे खोली बघून ठेवेन.

तुझा,
दीपक


भवानीनगर
३ जुलै २०२३

चि. दीपकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाजरीच्या पिठाच्या डब्यात ठेवलं आहे. अक्षर अजून तसंच, एकही खाडाखोड नाही. बारावी अर्धी सोडलीस, नाहीतर मास्तर झाला असतास आणि पोरांना छळलं असतंस.

मी बरी आहे. जेवते, झोपते. पोट कधीमधी कडक होतं, ते सगळ्यांनाच होतं म्हणतात.

ओटीचं विचारलंस. मी सासूबाईंजवळ विषय काढला. त्या म्हणाल्या, "आखाडात आमच्यात ओटी भरत न्हाईत. पुढं धोंड्याचा म्हयना लागतोय, त्यात चांगलं काम करायचं न्हाय. मग आठवा. आठव्यात लेकीला कुणी धाडतं व्हय? नवव्यात बघू." मी बारामतीच्या दवाखान्याचं बोलले, तर म्हणाल्या, "मागल्या टायमाला स्कुटीवर बसून बँकेत गेलीस, म्हणून तसं झालं. या टायमाला हितंच बसायचं."

त्या रागाने नाही बोलत. बोलून झालं की माझे पाय मांडीवर घेतात आणि तेल चोळतात. मग मला काही म्हणता येत नाही.

पण निकाल बंद ठेवायचा होता तर रक्त घेतलंच कशाला, हे मला समजलं नाही. तुझ्या मॅडमना विचार. सगळ्यांचं नको, माझं एकटीचं विचार. वाईट असलं तरी चालेल. मागच्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तर निदान त्याच्यासाठी एखादं नाव तरी मनात धरून ठेवलं असतं.

तुझी,
अक्का


वडगाव निंबाळकर
७ जुलै २०२३

मा. इरा मॅडम यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र नमुन्यांच्या पेटीत, बर्फाच्या पिशव्यांच्या वर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवत आहे. कंपनीच्या ईमेलवर लिहिले तर ते सर्वांना दिसते.

आपल्या चाचणीत माझी सख्खी बहीण रेश्मा आहे. तिचे पहिले बाळ सातव्या महिन्यात आले आणि गेले. आता पुन्हा तिला सातवा आहे. ती भवानीनगरला सासरी आहे आणि ओटी भरल्याशिवाय तिला कुठे पाठवणार नाहीत.

नियम मला पाठ आहे. मी पेटी कधी उन्हात ठेवली नाही, नमुना कधी उशिरा दिला नाही, आणि आजवर कुणाचाही निकाल विचारला नाही. आज एकीचा विचारतो आहे.

तुम्हाला काही लिहिणे अडचणीचे वाटत असेल तर एक करा. निकाल चांगला असेल तर एक कोरा कागद पाकिटात घालून सौरभबरोबर पाठवा. कोऱ्या कागदाने नियम मोडत नाही, असे मला वाटते. मी तेवढ्यावरून समजेन.

आपला नम्र,
दीपक


पुणे
१३ जुलै २०२३

दीपक,

तुमचे पत्र चार दिवस माझ्या टेबलावर होते. कोरा कागद पाठवत नाही. त्याचा अर्थ निकाल वाईट आहे, असा कृपा करून लावू नका. मी तो पाहिलेलाच नाही.

निकाल संगणकात बंद आहेत आणि ते उघडण्याचा अधिकार माझ्याकडे आहे. माझ्या हातात नाही असे सांगून मोकळी होणार नाही. पण मी तो वापरणार नाही. नियम हे एक कारण झाले. खरे कारण असे की आमची चाचणी खरे बोलते की नाही, हे मला अजून माहीत नाही. तेच शोधण्यासाठी तुम्ही गावोगाव पेटी घेऊन फिरता. जे मलाच माहीत नाही ते तुमच्या हातात खात्री म्हणून कसे देऊ? वाईट निघाले तर तुम्ही घाबराल. चांगले निघाले तर निर्धास्त व्हाल, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मात्र एक गोष्ट कोणत्याही चाचणीशिवाय सांगता येते. जिचे पहिले बाळ वेळेआधी आले, तिचे दुसरेही तसे येण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते. हे जुने, पक्के ज्ञान आहे. तिला ताबडतोब स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजायला सांगा. जिथे कमी दिवसांच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या आहेत, अशा दवाखान्याच्या जवळ तिला ठेवा. वेळ मिळाला तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शने देता येतात. त्यासाठी आधी पोहोचावे लागते.

डॉक्टरांना द्यायची चिठ्ठी सोबत जोडली आहे. निकाल वाईटच आहे असे समजून वागा, एवढेच मी म्हणू शकते.

इरा


वडगाव निंबाळकर
१७ जुलै २०२३

प्रिय अक्कास,
सा. नमस्कार.

मॅडमचे पत्र आले. निकाल सांगितला नाही. पाहिलेला नाही असे लिहितात.

पण पत्र दोन पानांचे आहे. काहीच सांगायचे नसते तर माणूस दोन ओळी लिहितो. त्यांनी डॉक्टरांना चिठ्ठी दिली, काचेच्या पेट्यांचे लिहिले, इंजेक्शनांचे लिहिले. शेवटचे वाक्य मी दहा वेळा वाचले. ते तुला लिहून पाठवत नाही.

तू बारामतीला ये. मी यापेक्षा जास्त लिहू शकत नाही.

उद्यापासून धोंड्याचा महिना. तो संपायची वाट बघू नकोस. मी सासूबाईंशी बोलू का? मला नीट बोलता येणार नाही, पण बोलेन.

दीपक


भवानीनगर
२४ जुलै २०२३

चि. दीपक,

कळलं. तू जे लिहिलं नाहीस ते मी वाचलं.

आता मीही खरं लिहिते. पोट कधीमधी नाही, रोज कडक होतं. सकाळी कपडे वाळत घालताना दोरी धरून उभी राहिले. कंबर खाली ओढल्यासारखी वाटते. मागच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. तेव्हा वाटलं होतं कामाने होत असेल.

तू बोलू नकोस. मी बोलून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "ओटी न भरता लेकीवाणी सून बोळवायची? ते बी धोंड्यात? लोक म्हणतील, सारजानं पोटुशी सून हाकलली." मी यांच्याकडे बघितलं. हे ताटाकडे बघत होते. मग म्हणाले, "आई म्हणती ते बी खरं हाय." कारखान्यात शंभर माणसांना कामाला लावतात, घरात आईपुढे भात मागायलासुद्धा लाजतात.

या महिन्यात घरातून बाहेर पडायला काही निमित्त असतं तर मी पडले असते. ओटी नाही, लग्नं नाहीत, बारसं नाही. आईला विचार, तिला काही सुचतंय का.

अक्का


वडगाव निंबाळकर
२५ जुलै २०२३

श्री. इंद्रजितराव यांस,
दत्तोबा व सौ. बनाबाई यांचे अनेक आशीर्वाद. सौ. सारजाबाई विहीणबाईंना नमस्कार सांगावा.

विशेष असे की अधिक महिना लागला आहे. लेक-जावयाला धोंडे जेवू घालायचा मान तीन वर्षांनी येतो. मागच्या धोंड्याला तुमचे लग्न झाले नव्हते, म्हणजे हा तुमचा पहिलाच. तरी रविवारी दि. ३० रोजी सौ. रेश्मासह जेवायला यावे. पुरणाचे धोंडे, अनारशांचे वाण आणि आपल्यासाठी कपडे तयार आहेत. जावई एकटा येऊन चालत नाही, जोडीनेच यावे लागते, हे विहीणबाई जाणतातच. गाडी सकाळी आम्हीच पाठवतो.

कळावे,
दत्तोबा

(अक्का, ही चिठ्ठी सौरभ मुद्दाम येऊन तुझ्याच हाती वेगळी देईल, तू एकटीने वाच. पत्र तात्यांच्या नावाने मी लिहिले, पण युक्ती आईची. ती म्हणाली, "धोंड्यात लेक बोळवता येत न्हाय, पर जेवायला बोलावता येती की." बाळाचे काही आणू नकोस. दोनच साड्या घे. बाकी मी आणतो. दी.)


वडगाव निंबाळकर
१४ ऑगस्ट २०२३

मा. इरा मॅडम यांस,
स. न. वि. वि.

चाचणीतील बाईचे बाळंतपण झाले की कळवायचे, या नियमाप्रमाणे कळवतो.

माझी बहीण ३० जुलैला धोंड्याच्या जेवणासाठी आमच्याकडे आली. दाजींनी अर्धा धोंडा खाल्ला आणि हात धुतला. अक्का जेवलीच नाही. संध्याकाळी दाजी एकटेच गेले. जाताना मला म्हणाले, "आईला मी काय सांगू ते मलाच माहीत न्हाय. तू हिच्याकडं बघ."

दुसऱ्या दिवशी तिला बारामतीला नेले. तुमची चिठ्ठी दाखवली. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि तिला घरी जाऊच दिले नाही. पिशवीचे तोंड उघडू लागले होते. तिला तुम्ही लिहिलेली इंजेक्शने दिली, दोन्ही. शनिवारी, ५ तारखेला, मुलगी झाली. वजन दीड किलोच्या आत.

पहिले दोन दिवस तिला श्वासासाठी नळी होती. आता नाही. काचेच्या पेटीत आहे. तिच्या पायाला माझी करंगळी लावली तर तिची पाचही बोटे त्यावर मावतात. डॉक्टर म्हणाले, भवानीनगरला कळा लागल्या असत्या तर इंजेक्शनांना वेळच मिळाला नसता.

आता नियमाने निकाल उघडता येईल. माझ्यासाठी मुद्दाम कळवायची गरज नाही. तो काय असणार हे मी तुमच्या पत्रावरून जुलैतच ओळखले होते. त्याबद्दल मी आणि आमच्या घरातले सगळे तुमचे ऋणी आहोत.

आपला नम्र,
दीपक


पुणे
२९ ऑगस्ट २०२३

दीपक,

बाळ दूध ओढायला लागल्याचे सौरभकडून कळले. फार बरे वाटले.

तुम्ही कळवू नका म्हणालात, तरी मला कळवले पाहिजे. रेश्माताईंचा निकाल काल उघडला. निकाल असा आहे: धोका कमी.

मी नमुन्याचा क्रमांक पुन्हा तपासला. पेटीचे तापमान तपासले. तुमच्याकडून काहीही चुकलेले नाही. नमुना उत्तम होता. चाचणी चुकली. इतर बायकांचे निकाल उघडतील तेव्हा ती किती वेळा बरोबर होती आणि किती वेळा चुकली ते समजेल. तोपर्यंत मला एवढेच ठाऊक आहे, की तुमच्या बहिणीच्या बाबतीत ती चुकली.

तुम्ही ऋण मानू नका. जुलैमध्ये मी तुमचे ऐकले असते, तर तुम्हाला कोरा कागद पाठवला असता.

इरा


वडगाव निंबाळकर
२० नोव्हेंबर २०२३

प्रिय अक्कास,
सा. नमस्कार.

दिवाळी करून तू गेलीस आणि घर फार शांत झाले. आई अजून कूस बदलताना झोळीची दोरी ओढते.

जे लिहितो आहे ते तू इथे असताना सांगायचे होते. रोज ठरवत होतो. तू बाळाला छातीशी धरून उन्हात बसायचीस, आणि येईल त्या बाईला सांगायचीस, "दीपकनं निकाल बघितला होता. त्याला सांगायला मनाई होती, तरी त्यानं मला कळू दिलं. म्हणून वाचली."

मी निकाल बघितला नव्हता. मॅडमनीही बघितला नव्हता. त्यांच्या लांब पत्रावरून मी निकाल वाईट समजलो, आणि माझ्या आखूड पत्रावरून तू.

तो निकाल पुढे उघडला. त्यात 'धोका कमी' असे होते. मी मॅडमना लिहिले होते, की चांगला असेल तर कोरा कागद पाठवा. त्या म्हणतात, उघडला असता तर कोरा कागद पाठवावा लागला असता. अक्का, तो आला असता तर मी तुला लिहिले असते, की सासूबाई म्हणतात तसे कर, नवव्यात ये. मी ते पत्र नीट अक्षरात, सावकाश लिहिले असते. मी रोज ते पत्र मनात लिहितो आणि फाडतो.

परवा पणदऱ्यात कागद वाचून दाखवत होतो. एका बाईने विचारले, "खरं बोलतं का हो तुमचं यंत्र?" मी गप्प बसलो. ती अंगठा न देता उठून गेली. मला वाटते हे काम आता सोडावे. तुला काय वाटते?

भाचीचे वजन कळव. तिला थंडीचे बाहेर काढू नकोस.

तुझा,
दीपक


भवानीनगर
२७ नोव्हेंबर २०२३

चि. दीपकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी राग आला. तुझा नाही, मॅडमचा नाही, नक्की कुणाचा ते समजलं नाही. मग पोरगी रडायला लागली आणि राग राहून गेला. वजन चार किलोच्या वर गेलं आहे. आवाज सासूबाईंवर गेला आहे.

या वेळी पत्र डब्यात ठेवलं नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं, अगदी शेवटपर्यंत. त्या तूप कढवत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी मशिनीला कळलं न्हाय?" मी म्हटलं, नाही. "भावाला बी कळलं न्हाय?" नाही. तर म्हणाल्या, "मग मलाच कळलं म्हनायचं."

मी विचारलं, तुम्हाला काय कळलं? तेव्हा जे सांगितलं ते मला इतके दिवस माहीत नव्हतं. पीठ घ्यायला गेल्या होत्या, तर डब्यात तुझी पत्रं हाताला लागली. त्या म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाय. पर पोरगी पिठात कागद लपवती, म्हंजी तिचं पोट दुखतंय आन् ती आपल्याला सांगंना, एवढं कळतं." आणि धोंड्याचं आमंत्रण आलं, त्या दिवशी त्यांनी आईला फोन केला होता. शेजारच्या झुंबरकाकूंच्या फोनवरून, स्पीकर न लावता. म्हणाल्या, "विहीणबाई, मला सारं उमगलंय. मी तोंडानं हो म्हणायची न्हाय, लोकं हाईत. जावई तेवढा माघारी पाठवा."

आईने आपल्याला हे सांगितलंच नाही. सांगायचं नाही असं दोघींचं ठरलं असणार. मला आठवलं, निघताना माझी पिशवी जड लागत होती. तिकडे उघडली तर साड्यांच्या खाली नारळ आणि खण. मला वाटलं होतं आईसाठी दिलं असेल.

आता तुझ्या कामाचं. सोडू नकोस. मॅडमना सांग, माझ्या नावापुढे चूक असं ठळक लिहा, झाकू नका. मी रक्त दिलं ते त्याचसाठी दिलं, असं मला आता वाटतं. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. आणि कुणी विचारलं की यंत्र खरं बोलतं का, तर गप्प बसत जाऊ नकोस. सांग, अजून माहीत नाही, माझ्या बहिणीला चुकीचं सांगितलं होतं. एवढं ऐकूनही जी बसून राहील तिचा अंगठा घे.

झुंबरकाकूंची सून पाचव्यात आहे. सासूबाईच तिला परवा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दे रगत. पर त्यांच्या कागदाची वाट बघत बसू नगंस. कंबर ओढाय लागली तर पिठात लपवायचं न्हाय, मला येऊन सांगायचं." पोरगी लाजली, पण तयार आहे. सोमवारी सौरभला एकट्याला पाठवू नकोस, पेटी घेऊन तू ये. तिला सगळा कागद वाचून दाखव. सासूबाई समोर बसणार आहेत, तेव्हा सावकाश वाच.

या पाकिटात मॅडमसाठी एक कागद घातला आहे. तो त्यांना पेटीतून पाठव. त्यावर काही लिहायचं राहून गेलं असं समजून तू त्यावर लिहू नकोस. तो कोराच पाठवायचा आहे.

तुझी,
अक्का